गार्डच्या वहीतल्या चार ओळी: वाशिमच्या रुग्णालयापासून सोयाबीनच्या गोदामापर्यंत त्यांची किंमत किती?

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात एकाच वेळी दहा नवीन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं. त्यात वाशिमचंही नाव होतं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. उपचारासाठी अकोला, अमरावती किंवा नागपूर गाठायची इथल्या लोकांना सवय. त्यामुळे ही बातमी मोठीच होती.

पण मोठं रुग्णालय आलं की त्याच्यासोबत गर्दी येते, रात्रीचे अपघात येतात, नातेवाइकांचा संताप येतो. उद्घाटनाच्या दोनच महिने आधी, ९ ऑगस्ट २०२४ ला, कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका निवासी डॉक्टरवर अत्याचार करून तिचा खून झाला होता. देशभरचे डॉक्टर रस्त्यावर उतरले. तेव्हापासून रुग्णालयाच्या सुरक्षेची चर्चा दोन आकड्यांभोवती फिरते: गार्ड किती आणि कॅमेरे किती?

तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. गेटवरच्या गार्डने घडलेलं लिहून ठेवलं का, आणि कसं लिहिलं?

सहा तासांचं गणित

कोलकात्याच्या घटनेनंतर आठवडाभरात केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने एक सूचना काढली. कामावर असलेल्या आरोग्य कर्मचाऱ्यावर हिंसा झाली, तर जास्तीत जास्त सहा तासांत संस्थेच्या वतीने एफआयआर नोंदवण्याची जबाबदारी संस्थाप्रमुखाची, असं त्यात म्हटलं आहे.

आता हिशोब करा. घटना रात्री पावणेदोनला घडली, तर मुदत सकाळी पावणेआठला संपते. त्या वेळेत संस्थाप्रमुख बहुधा घरी असणार. रात्रीचा गार्ड ड्युटी संपवून निघायच्या तयारीत. मार खाल्लेला डॉक्टर स्वतः उपचार घेत असेल. कोण आले, कोणी हात उचलला, काय फुटलं, हे तक्रारीत लिहायचं तर माहिती येणार कुठून? बऱ्याचदा एकच कागद हाताशी असतो, तो म्हणजे गार्डची नोंदवही.

दुसरे सहा तास कायद्यातच आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणूसही काही प्रसंगी एखाद्याला पकडू शकतो. गार्ड हा पोलीस नाही, त्यामुळे त्याचा अधिकारही एवढाच. अट अशी की गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र हवा आणि तो त्याच्या समोर घडलेला हवा (फरारी म्हणून जाहीर झालेल्या आरोपीलाही पकडता येतं). पकडल्यावर विनाकारण उशीर न करता, आणि सहा तासांच्या आत, त्या माणसाला पोलिसांच्या ताब्यात द्यावं लागतं. जुन्या संहितेत तासांची अशी मर्यादा नव्हती.

महाराष्ट्रात डॉक्टर, नर्स आणि रुग्णालयांवरील हिंसेविरुद्ध २०१० चा स्वतंत्र कायदा आहे. त्यातला गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे डोळ्यांसमोर डॉक्टरला मारहाण झाली तर गार्ड हल्लेखोराला अडवून ठेवू शकतो. पण किती वाजता पकडलं, किती वाजता पोलिसांकडे दिलं आणि मारहाण स्वतः पाहिली होती का, या तिन्ही गोष्टी लिहिलेल्या नसतील, तर उद्या त्याच्यावरच ‘बेकायदा डांबून ठेवलं’ असा आरोप होऊ शकतो.

पाहिलं, ऐकलं, वाटलं

चांगल्या नोंदीचं सूत्र अवघड नाही. गार्डने तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या: स्वतः काय पाहिलं, दुसऱ्याने काय सांगितलं आणि आपल्याला काय वाटलं. पहिल्या दोन लिहायच्या. तिसरी शक्यतो लिहायचीच नाही.

समजा, एका रुग्णालयात रात्री गोंधळ झाला. वहीत अशी नोंद सापडते:

“रात्री दोघातिघांनी दारू पिऊन धिंगाणा केला. समज देऊन सोडले.”

वाचायला ठीक वाटते. पण किती वाजता? दोघे की तिघे? दारू प्यायले होते हे कशावरून? धिंगाणा म्हणजे शिवीगाळ की मारहाण? समज कोणी दिली? आता त्याच प्रसंगाची दुसरी नोंद पाहा:

“वेळ ०१:४०. अपघात विभागाचा दरवाजा. पेशंटसोबत आलेले तीन पुरुष मोठ्याने बोलत होते. त्यातील एकाने (अंदाजे ३० वर्षे, निळा शर्ट, डाव्या हाताला बँडेज) ड्युटीवरील डॉक्टरांना दोन्ही हातांनी ढकलले. हे मी पाहिले. तोंडाला दारूसारखा वास येत होता. ०१:४२ सुपरवायझरला फोन. ०१:४४ ११२ ला फोन. बीपी मशीन खाली पडून फुटले. कोणी पाडले ते मी पाहिले नाही. सिस्टर म्हणाल्या, ‘त्यानेच पाडलं.’ ०२:०५ पोलीस आले, त्या माणसाला त्यांच्या ताब्यात दिले.”

यात एकही अवघड शब्द नाही. सातवी-आठवी शिकलेला माणूसही हे लिहू शकतो. ‘कोणी पाडले ते मी पाहिले नाही’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण जो गार्ड न पाहिलेलं पाहिलं म्हणत नाही, त्याने पाहिलेल्या गोष्टीवर विश्वास बसतो. आणि बीपी मशीनची नोंद किरकोळ वाटली, तरी २०१० च्या कायद्यानुसार उपकरणाचं नुकसान करणाऱ्याकडून त्याच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई मागता येते. काय फुटलं हे लिहिलंच नसेल तर मागणार काय?

न्यायालयात वहीचं काय होतं?

केवळ वहीत लिहिलं म्हणून कोणी दोषी ठरत नाही. साक्ष द्यायला माणूसच उभा राहावा लागतो. पण खटला उभा राहीपर्यंत वर्षं जातात. तोपर्यंत गार्डने एजन्सी बदललेली असते, शेकडो रात्री काढलेल्या असतात. निळा शर्ट होता की काळा, हे त्याला कसं आठवणार?

इथे भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १६२ कामी येतं. साक्षीदार आठवण ताजी करण्यासाठी स्वतः लिहिलेला कागद पाहू शकतो. अट एवढीच की तो घटना घडताना किंवा लगेच नंतर, आठवण ताजी असताना लिहिलेला असावा. समोरच्या वकिलालाही तो कागद पाहण्याचा आणि त्यावर उलटतपासणी घेण्याचा हक्क आहे.

म्हणूनच ‘रात्री कच्चं लिहू, सकाळी फेअर करू’ ही सवय घातक आहे. सुंदर अक्षरातली, एकाच पेनाने एका दमात लिहिलेली महिनाभराची वही पाहिली की वकील पहिला प्रश्न विचारणार: हे तुम्ही नेमकं कधी लिहिलं? खाडाखोड असलेली पण त्याच वेळी लिहिलेली वही त्यापेक्षा कितीतरी भक्कम.

सीसीटीव्ही असताना वही कशाला?

हा प्रश्न हमखास येतो. तीन कारणं आहेत.

पहिलं, चित्रण कायम राहत नाही. ठरावीक दिवसांनी जुन्यावर नवं चढतं. ‘अमुक तारीख, ०१:४०, अपघात विभागाचा दरवाजा’ अशी नोंद असेल, तर नेमका तो भाग वेळेत काढून ठेवता येतो.

दुसरं, कॅमेऱ्याचं घड्याळ अनेकदा मागे-पुढे असतं. गार्डने फोनवरची वेळ लिहिलेली असेल, तर दोन्हींतला फरक लगेच कळतो.

तिसरं, कॅमेरा कोपऱ्यापलीकडचं पाहत नाही आणि बऱ्याचदा आवाजही टिपत नाही. जळका वास, बंद पडलेला दिवा, आतून लावलेली कडी, हे माणसालाच कळतं. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात आग लागून १० बालकं दगावली. अशा दुर्घटनेच्या चौकशीत पहिला प्रश्न वेळेचा असतो: धूर कधी दिसला, कोणाला कधी कळवलं, आणि त्याआधी काही बिघाड लक्षात आला होता का? ‘वायर गरम लागते, इलेक्ट्रिशियनला कळवले’ अशी एक ओळ आधीच्या रात्री लिहिलेली असेल आणि सकाळी कोणी वाचली, तर दुर्घटना टळूही शकते.

गोदामाच्या गेटवर

वाशिममधले सगळे गार्ड रुग्णालयात नसतात. कारंजा, रिसोड, मंगरूळपीर, मालेगाव, मानोरा आणि वाशिम या सगळ्या तालुक्यांत सोयाबीनचा व्यवहार मोठा. हंगामात बाजार समित्या आणि गोदामांच्या गेटवर गाड्यांची रांग लागते.

तिथली नोंद म्हणजे गाडी नंबर, आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वेळ, गेटपास नंबर, पोत्यांची संख्या. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. गेटपासवर २०० पोती आणि गाडीत २२० असतील, तर ५० किलोच्या पोत्याने फरक झाला १० क्विंटलचा, म्हणजे ५३,२८० रुपयांचा. महिन्याअखेर साठा कमी भरला की पहिला संशय कोणावर जातो? रात्री गेटवर होता त्याच्यावर. तेव्हा पोती मोजून लिहिलेली आणि ड्रायव्हरची सही घेतलेली ओळच त्याच्या बाजूने बोलते.

ही वही गार्डची स्वतःचीही आहे

चार्ज घेतल्याची आणि दिल्याची वेळ रोज लिहिणं हा त्याच्या मजुरीचाही पुरावा आहे. कायद्याचा हिशोब दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तासांचा, त्यापुढे दुप्पट दराने ओव्हरटाइम. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांमध्ये नेमणूकपत्रही बंधनकारक आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. रिलीव्हर आला नाही म्हणून सकाळी दहापर्यंत थांबावं लागलं, तर ते वहीत असायला हवं. तोंडी सांगितलेले तास पगाराच्या दिवशी कोणी मोजत नाही.

मग अडतं कुठे?

खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. त्याखालच्या २००६ च्या आदर्श नियमांत गार्डसाठी १०० तास वर्गातलं आणि ६० तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण सांगितलं होतं. माजी सैनिक आणि माजी पोलिसांसाठी ते कमी होतं. विषयांत आग विझवणं, प्रथमोपचार, ओळखपत्र तपासणं, एफआयआर नोंदवण्याची पद्धत, सगळं होतं. पण एफआयआरची पद्धत ऐकलेली असणं वेगळं आणि रात्री दोन वाजता, हात थरथरत असताना, आठ ओळी नीट लिहिणं वेगळं. ते सरावानेच येतं.

दुसरी अडचण भीतीची. ‘लिहिलं तर साहेब ओरडतील’, ‘लिहिलं तर कोर्टात जावं लागेल’ म्हणून अनेक गोष्टी ‘समज देऊन’ संपवल्या जातात. हे गार्डच्या आळसामुळे होत नाही. जी संस्था वाईट नोंद पाहून चिडते, तिला पुढे नोंदच मिळत नाही.

त्यामुळे थोडं काम संस्थेनेही करायला हवं:

• पानांवर क्रमांक छापलेली, शिवलेली वही द्या. सुट्टे कागद नकोत.
• नोंद मराठीतच लिहू द्या. इंग्रजीच्या हट्टापायी माणूस दोन शब्दांत उरकतो.
• वेळ २४ तासांच्या पद्धतीने लिहायला लावा, म्हणजे पहाटेचे दोन आणि दुपारचे दोन यांचा घोळ होत नाही.
• चूक झाली तर एक आडवी रेघ आणि बाजूला सही. व्हाइटनर नको, पान फाडणं नको, मध्ये कोरी ओळ नको.
• सुपरवायझरने रोज वाचून सही करावी. न वाचली जाणारी वही महिनाभरात ‘सर्व ठीक’ एवढीच उरते.

आणि एक सूचना आपल्यासारख्यांसाठी. गेटवर गार्डने नाव, वेळ आणि कोणाकडे जायचं हे विचारलं की आपण वैतागतो, कधी खोटा नंबर लिहितो. आपला नंबर मागच्या पानावरून कोणीही वाचू नये ही अपेक्षा रास्त आहे आणि ती संस्थेला जरूर सांगा. पण नाव आणि वेळ खरी द्या. उद्या त्या इमारतीत आपल्याच माणसाचं काही झालं, तर पोलीस सगळ्यात आधी तेच पान उघडतील.