शूटिंग येईल तेव्हा येईल, आधी वाडा सांभाळा

मेणवलीच्या व्हिडिओत घाटावर वारा इतका होता की माझा अर्धा आवाज त्यातच गेला. कमेंटमध्ये बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, नक्की काय सांगत होता?" तेच इथे लिहितोय.

मागच्या रविवारी आई, बायको आणि मुलांना घेऊन मेणवलीला गेलो. वाईपासून तीनेक किलोमीटर. कृष्णेच्या काठावर नाना फडणवीसांचा अठराव्या शतकातला वाडा आहे. सहा चौक, लाकडी खांब आणि मागे थेट नदीचा घाट. २००४ च्या 'स्वदेस'मधलं चरणपूर गाव इथेच उभं केलं होतं. माझ्या वयाचे बरेच जण तेच बघायला येतात. मीही त्यासाठीच गेलो, खोटं कशाला बोलू!

मुलाला मोठ्या उत्साहात म्हटलं, "अरे, इथे शाहरुख आला होता!" तो दहा वर्षांचा. म्हणाला, "कुठल्या पिक्चरसाठी?" विषय संपला. तो रमला घंटेपाशी. घाटावरच्या देवळात मोठी पोर्तुगीज घंटा आहे, १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आणलेली. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू आहेत. महादेवाच्या देवळात येशूबाळ कसं, हे विचारून त्याने गाडीत बसेपर्यंत आजीला भंडावून सोडलं.

परत येताना माझ्या डोक्यात दुकान सुरू झालं. सिनेमा येऊन वीस वर्षं उलटली, नव्या पिढीला तो माहीतही नाही. तरी माणसं येतात, कारण बघण्यासारखं काहीतरी तिथे शिल्लक आहे. शूटिंग आलं म्हणून वाडा उभा राहिला नाही. वाडा उभा होता म्हणून शूटिंग आलं. लाकडाचं जुनं घर दरवर्षी पावसाळ्याआधी बघावं लागतं. त्या कामाचं रील कोणी काढत नाही.

आपण नेमकं उलटं करतो. मी केलंय. माझं लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर पंचवीस हजार देऊन एका फेमस मुलीकडून रील करून घेतलं. रील चाललं. तीन दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नाही. पण काउंटर एक, पोरं दोन, आणि चार ते सहा वर्षांचे साइझ पहिल्याच दुपारी संपले. लेकीच्या बारशापासून माझ्याकडेच खरेदी करणाऱ्या एक ताई हातात फ्रॉक धरून अर्धा तास उभ्या होत्या. शेवटी फ्रॉक ठेवून निघून गेल्या. मला दिसत होतं, पण काउंटर सोडता येईना. रील बघून आलेली गर्दी पुन्हा फिरकली नाही. त्या ताईही आल्या नाहीत. बीबीएला असताना 'कस्टमर रिटेन्शन'वर पानंच्या पानं लिहिली होती, पण अर्थ त्या दिवशी कळला.

मग जाहिरात करायचीच नाही का? करा, जरूर करा. पण पैसे देण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, उद्या तिप्पट गिऱ्हाईक आलं तर माल आणि माणसं पुरतील का? दोन, आलेल्याचा नंबर आणि गरज वहीत उतरवायला कोणी आहे का? तीन, रील विसरलं गेल्यावरही माणसाने यावं असं तुमच्याकडे काय आहे? तिसऱ्याचं उत्तर नसेल, तर ते पैसे आधी तिथे लावा. चांगलं कापड आणा, पोराला पगार वाढवून द्या, माप चुकलं तर कुरकुर न करता बदलून द्या.

तुमच्या दुकानातली 'घंटा' कोणती? शाहरुखला न ओळखणारं पोरगंही जिच्यापाशी थांबेल अशी? आज शटर ओढण्याआधी पाच मिनिटं विचार करा आणि कमेंटमध्ये लिहा. मी वाचतोय.