प्रबंधाचा आरंभ कोठे करावा?



गेल्या महिन्यात काही कामानिमित्त बडोद्यास जाण्याचा योग आला. आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब नोकरीच्या निमित्ताने फार वर्षांपूर्वी तेथे स्थायिक झाले असून मांडवीच्या चौकाजवळच त्यांचे बिऱ्हाड आहे. ज्यांनी ती वास्तू पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो : जुन्या शहराच्या मध्यावर चारी बाजूंनी खुला असा हा मंडप उभा आहे आणि तेथून लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर व गेंडीगेट या चार दरवाजांकडे चार रस्ते जातात. मांडवी म्हणजे जकातीचे ठाणे. आलेल्या मालाचे गाठोडे सोडायचे, तपासायचे आणि मगच पुढे जाऊ द्यायचे, असे ते स्थान.

त्या घरी चहा होत असताना माऊली म्हणाली, “फादर, हिला आता तुम्हीच काही सांगा. चार वर्षे झाली, हिचे पहिले प्रकरण काही संपत नाही.” थोरली कन्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉक्टरेटसाठी संशोधन करीत आहे. विषय उत्तम आहे : बडोदे संस्थानातील सक्तीचे प्राथमिक शिक्षण. सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात त्याचा प्रयोग आरंभिला आणि 1906 मध्ये ते साऱ्या संस्थानास लागू केले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे प्रबंधास साधारणपणे सहा वर्षांची मुदत असते. स्त्रियांना आणखी दोन वर्षे मिळू शकतात हे खरे. पण मुदत मिळाली म्हणून घरखर्च थांबत नाही. एका खासगी क्लासमध्ये जूनपासून नोकरी मिळत असून प्रबंध सोडून द्यावा, असे तिने मनाशी जवळजवळ ठरविले होते. आईला हे ठाऊक नव्हते. आई स्वयंपाकघरात गेल्यावर तिने ते मला हलक्या आवाजात सांगितले.

मी प्रकरण पाहावयास मागितले. एकशे बासष्ट पाने! आरंभ वैदिक काळातील गुरुकुलापासून. मग नालंदा, मग पिलाजीराव गायकवाडांचे गुजरातेतील आगमन, मग मेकॉलेचे 1835 चे टिपण, मग वुडचा 1854 चा खलिता. अमरेली तालुका उगवतो तो एकशे चाळिसाव्या पानावर. लग्नपत्रिकेत साऱ्या पूर्वजांची नावे छापावी आणि वधूवरांचे नाव शेवटच्या कोपऱ्यात सापडावे, तसे झाले होते. लेखन वाईट नव्हते; परिश्रम तर पानोपानी दिसत होते. मार्गदर्शकांनी “छोटे करा” असे सांगितले होते, परंतु काय कापावे हेच तिला उमगत नव्हते.

मी विचारले, “तुझा प्रश्न एका वाक्यात सांगशील?”

ती बराच वेळ गप्प राहिली. चहा निवला. मग म्हणाली, “कायदा झाला, न पाठविणाऱ्या आईबापांना दंड बसला, तरी मुली शाळेतून का गळत राहिल्या, हे मला शोधायचे आहे, फादर.”

हे वाक्य त्या एकशे बासष्ट पानांत कोठेही नव्हते. (हसू नये. सेमिनरीत असताना संत आगस्तीनवरील माझ्या निबंधाची पहिली वीस पाने त्यांच्या जन्मगावाच्या वर्णनात खर्ची पडली होती आणि आमच्या प्राध्यापकांनी हाच प्रश्न विचारून ती परत दिली होती.)

मग मी तिला ज्यांचे उदाहरण दिले, त्यांचे या शहराशी नाते मोठे व कटूही आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 मध्ये बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना आणि अल्पावधीतच त्यांना परतावे लागले. तथापि ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ 1925 मध्ये प्रसिद्ध झाला, तो त्यांनी सयाजीराव महाराजांनाच कृतज्ञतापूर्वक अर्पण केला. प्रांतांना स्वतंत्र अंदाजपत्रक मिळाले ते 1871 मध्ये, लॉर्ड मेयोच्या काळात. ग्रंथाच्या आरंभी ते प्रथम आपल्या विषयाची व्याख्या करून त्याची सीमा आखतात. आणि मग पहिले प्रकरण 1833 पासून सुरू होते, कारण त्या वर्षी सारा आर्थिक कारभार मध्यवर्ती सरकारच्या हाती एकवटला. ती व्यवस्था का मोडली हे कळल्यावाचून 1871 मध्ये काय घडले हे कळत नाही. मोगलांचा सारा, पेशव्यांची चौथाई यांचे तेथे प्रयोजन नव्हते.

रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा दुसरा प्रबंध, लंडनला सादर केलेला, 1923 चा. येथे गंमत उलटी आहे. चलनावर लिहिणारे आधीचे लेखक 1893 पासून, म्हणजे टांकसाळी खासगी रुप्यास बंद झाल्या त्या वर्षापासून, कथा सुरू करीत. बाबासाहेब मुद्दाम 1800 पर्यंत मागे गेले आणि प्रस्तावनेत त्याचे कारणही देऊन टाकले : मधला काळ गाळल्यामुळे सरकारने मुळात कोणती पद्धत योजिली होती याविषयी चुकीची समजूत रूढ झाली आहे, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणजे ती जुनी हकीकत हाच त्यांचा पुरावा होता.

एकाने तेच 1893 साल ओलांडून मागे जावे आणि आमच्या या कन्येने मागून पुढे त्याच सालावर यावे, हे दोन्ही रास्त. गुरुकुलामुळे अमरेलीतील मुलीची गळती अधिक उलगडत असेल तर गुरुकुल राहू दे, असे मी म्हटले. तिने मान हलविली.

दुसऱ्या प्रकरणाची, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्याची, तिची कल्पना अशी की प्रत्येक ग्रंथास एक परिच्छेद द्यावा. असे आढावे मी पाहिले आहेत. ते ग्रंथालयाच्या यादीसारखे दिसतात. संत थॉमस अक्वायनस आपल्या ‘सुम्मा’त प्रत्येक प्रश्नाखाली आधी विरुद्ध पक्षाचे मुद्दे मांडतात, मग स्वतःचे उत्तर देतात आणि शेवटी एकेका मुद्द्याकडे परततात. आढाव्यात हेच हवे : माझ्या प्रश्नाला आजवर कोणी कोणते उत्तर दिले, आणि ते मला का पुरत नाही? बाबासाहेबांनी केन्सच्या 1913 च्या ग्रंथाशी अशीच झुंज घेतली. त्यांचे गुरू प्रा. कॅनन यांनी तर त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिताना त्यांच्या बहुतेक युक्तिवादांशी असहमती नोंदवून ठेवली! तोच प्रबंध परीक्षकांच्या सूचनेवरून त्यांना पुन्हा लिहावा लागला होता, हेही तिला सांगितले. तिला ते ठाऊक नव्हते.

एक गोष्ट मात्र तिनेच मला शिकविली. शिक्षणखात्याच्या अहवालांत पटावरची मुले एक आणि प्रत्यक्ष हजर मुले दुसरी. अनेक लेखक दोन्ही आकडे सरमिसळ वापरतात. मी म्हटले, “अगं, हेच तर पहिल्या प्रकरणात हवे! ‘विद्यार्थिनी’ म्हणजे कोण, हे ठरविल्याशिवाय गळती मोजणार कशी?” तिने पेन्सिल घेतली. प्रश्न, शब्दांचे अर्थ, काळाची व प्रदेशाची मर्यादा, साधने, आणि पुढील प्रत्येक प्रकरणाविषयी एकेक वाक्य, एवढेच दोन पानांत तूर्त लिहावयाचे आणि तडक अमरेलीच्या प्रकरणास लागावयाचे, असे ठरले. पहिले प्रकरण पक्के होते ते शेवटचे लिहून झाल्यावर. ‘शोधगंगे’वर इतरांचे प्रबंध सहज वाचावयास मिळतात; त्यांतील दहांची केवळ पहिली प्रकरणे वाचावीत, असेही मी सुचविले. चांगली किती आणि कंटाळवाणी किती, हे तिने मोजून मला कळवायचे आहे.

मी निघालो तेव्हा ती जमिनीवर बसून पाने वेगळी करीत होती. एकशे चाळिसावे पान सर्वांत वर होते. बाकीच्या गठ्ठ्याकडे पाहून आईने विचारले, “हे रद्दीत घालू?”

“नको, माळ्यावर ठेव,” ती म्हणाली.

क्लासच्या मालकांना जूनविषयी काय कळविले, ते तिने मला अद्याप लिहिलेले नाही.