गिरणगावातील फायलींची कुलपे कोणाच्या हाती?

मुंबई, प्रतिनिधी

ना. म. जोशी मार्गावर मफतलाल मिलच्या आवारात आज ‘मॅरेथॉन फ्युचरेक्स’ ही काचेची उत्तुंग इमारत उभी आहे. जेथे गिरणी चालत होती, तेथून आता देशभरातील गुंतवणूकदारांच्या समभागांच्या नोंदी सांभाळल्या जातात. तेथे मुख्यालय असलेल्या ‘सीडीएसएल’ या रोखे भांडार संस्थेच्या काही अंतर्गत संगणकांत १८ नोव्हेंबर २०२२ रोजी घातक आज्ञावली आढळली. संस्थेने ते संगणक बाजूला काढले आणि भांडवल बाजारातील इतर घटकांशी असलेला संगणकीय संपर्क तोडला. शुक्रवारचे रखडलेले व्यवहार पूर्ण व्हायला रविवार उजाडला. गुंतवणूकदारांची माहिती फुटल्याचे प्राथमिक तपासात दिसले नाही, असे संस्थेने सांगितले. मात्र फायलींची देवाणघेवाण थांबली की बाजार कसा अडतो, हे त्या दोन दिवसांत दिसले.

एवढ्या मोठ्या संस्थेकडे निदान तज्ज्ञांची फौज असते. दादरची नागरी सहकारी बँक, गिरगावातील सनदी लेखापालाचे कार्यालय, परळच्या रुग्णालयांच्या आसऱ्याने वाढलेली तपासणी प्रयोगशाळा यांचे काय? खातेदारांच्या याद्या, पॅन क्रमांक, रुग्णांचे अहवाल अशा फायली तेथूनही रोज बाहेर जातात; कधी ई-मेलने, कधी पेन ड्राइव्हवर, तर कधी जुन्या ‘एफटीपी’ सर्व्हरवरून.

पोस्टकार्ड आणि बंद पाकीट

‘एफटीपी’चा जनक भारतीय आहे. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतील अभय भूषण यांनी अमेरिकेतील एमआयटीमध्ये असताना एप्रिल १९७१ मध्ये त्याचा पहिला मसुदा लिहिला. तेव्हा संगणकांचे जाळे मूठभर संशोधकांचे होते. त्यामुळे पासवर्ड आणि मजकूर दोन्ही पोस्टकार्डासारखे उघडे जात. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्ड चोरले गेले आणि तेथील तातू युलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही बंद पाकिटाची पद्धत निर्माण केली. तिच्याच आधारे फायली पाठविणारी ‘एसएफटीपी’ ‘ओपनएसएसएच’ या विनामूल्य संचात मिळते. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर तो संच आधीपासूनच असतो.

दहा ओळींचे काम

खिडक्या आणि बटणे नसलेल्या काळ्या पडद्यावर हे काम करायचे म्हटले की अनेक जण बिचकतात. प्रत्यक्षात ‘एसएसएचडी-कॉन्फिग’ या एका फाइलीत दहाएक ओळी बदलायच्या असतात. फाइल पाठविणाऱ्यांचा स्वतंत्र गट करावा. त्या गटाला केवळ फायलींची ने-आण करता यावी, सर्व्हरवर आज्ञा देता येऊ नयेत, अशी सक्ती लिहावी. प्रत्येकाला त्याच्याच कप्प्यात कोंडावे. हा कप्पा मूळ प्रशासकाच्या मालकीचा असावा व इतरांना त्यात लिहिता येऊ नये; फायली ठेवण्यासाठी त्याच्या आत वेगळा उपकप्पा द्यावा. हा नियम चुकला तर सर्व्हर जोडणीच नाकारतो आणि नवखे नेमके येथेच अडतात. पासवर्ड बंद करून किल्लीची जोडी वापरावी. खासगी किल्ली पाठविणाऱ्याकडेच राहते, सर्व्हरवर फक्त तिची जाहीर जोडीदारीण ठेवली जाते. पहिल्या जोडणीच्या वेळी पडद्यावर सर्व्हरचा ठसा दिसतो. डोळे मिटून ‘यस’ न म्हणता तो दूरध्वनीवरून पडताळावा. बदल लागू करण्यापूर्वी फाइल तपासून घ्यावी आणि चालू जोडणी उघडीच ठेवावी; नाही तर स्वतःच घराबाहेर अडकण्याची वेळ येते.

महाग म्हणजे सुरक्षित नव्हे

विकतचे उत्पादन घेतले की चिंता मिटली, हा समजही खोटा ठरला आहे. मे २०२३ च्या अखेरीस ‘मूव्हइट’ या फाइल हस्तांतराच्या विकाऊ प्रणालीतील त्रुटी ‘क्लॉप’ टोळीने हेरली आणि जगभरातील दोन हजारांहून अधिक संस्थांना फटका बसला. विनामूल्य ‘ओपनएसएसएच’मध्येही जुलै २०२४ मध्ये गंभीर दोष उघड झाला, त्यावरील दुरुस्तीही लगेच आली. ती वेळेवर बसविणारा माणूस कार्यालयात आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते.

कायदाही आता मोघम राहिलेला नाही. ‘सर्ट-इन’च्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळविणे आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. व्यक्तिगत विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी तेव्हापासून १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

दहा माणसांच्या कार्यालयाने संगणक अभियंता नेमावा, ही अपेक्षा अवास्तव आहे. सहकारी बँकांचे महासंघ, लेखापालांची संस्था आणि डॉक्टरांच्या संघटना यांनी मात्र एक प्रमाणित मांडणी तयार करून तिचे मराठीतून प्रशिक्षण देणे सहज शक्य आहे. खर्च नगण्य आहे. जबाबदारी कोणाची, हे ठरविण्याचे काम तेवढे राहिले आहे. ते टळत राहिले, तर किंमत मोजावी लागेल ती आपला अहवाल आणि खातेपुस्तक विश्वासाने दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या सामान्य माणसाला.