पांदण



परवा पुण्याहून नातू आला होता. नागपूरहून गाडीने येताना लाखनीच्या पुढे मोहघाट्याच्या जंगलात रस्ता उंच पुलावर चढतो, तो पाहून म्हणाला, "आजोबा, इथे नदी नाही, मग पूल कशाला?" म्हटले, वाघांसाठी. खालून जनावरांनी जावे, वरून आपण. पोरगा मागच्या काचेतून कितीतरी वेळ बघत होता.

मला हा पूल आवडतो. नागझिऱ्याचा 'जय' वाघ 2013 मध्ये शंभराहून अधिक किलोमीटर चालत उमरेड-कऱ्हांडल्याला गेला (2016 नंतर तो दिसलाच नाही, असो). मध्ये हा महामार्ग आणि वैनगंगा ओलांडल्याशिवाय तिकडे जाताच येत नाही. म्हणजे जनावराची वाट आपल्या रस्त्याच्या आधीची. ती मान्य करून पैसे खर्च झाले, हे चांगलेच झाले.

पण तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतो आहे. माणसाच्या जुन्या वाटेचे काय?

हा महामार्ग तरी काय आहे? आज त्याला 53 नंबर म्हणतात, आमच्या नोकरीच्या काळात 6 नंबर होता, आणि इंग्रजांच्या कागदांत 'ग्रेट ईस्टर्न रोड', नागपूर-भंडारा-साकोली-रायपूर. त्याच्याही आधी बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून याच झाडीतून छत्तीसगडात ये-जा करीत. 1880 च्या सुमारास रेल्वे आली, स्टेशन झाले गावापासून लांब वरठीला, आणि तांड्यांचा धंदा बसला. मोठ्या वाटेचा इतिहास कुठेतरी लिहिला जातो. तिला येऊन मिळणाऱ्या लहान वाटांचा कोण लिहिणार?

आमच्या गावाची पांदण (झाडीबोलीत 'पांदन', आमच्याकडे ण नाहीच!) मामा तलावाच्या पाळीवरून निघायची, बांध्यांच्या मधून जंगलात शिरायची, दोन डोंगऱ्यांच्या मधल्या खोऱ्यातून नाल्याच्या कडेकडेने जाऊन मोठ्या रस्त्याला लागायची. आईचे माहेर पलीकडे. दिवाळीनंतर मंडईला बंडी जुंपून जायचो. नाल्याच्या उतारावर बाबा खाली उतरून बैलांच्या पुढे चालायचे. रात्रभर दंडार बघून परतताना आम्ही पोरे तणसावर झोपलेली. उन्हाळ्यात त्याच वाटेने बाया पहाटे मोहफुले वेचायला जायच्या. सागाला, ऐनाला घासून गेलेल्या चाकांच्या खुणा मी पाहिल्या आहेत. किती पिढ्यांच्या असतील देव जाणे.

आज ती वाट जंगलात एकदोन ठिकाणी शिल्लक आहे. गावात ती नाहीच.

सगळे दोष वनखात्याला देतात, मीही देत होतो. पण वाटेचा हक्क नुसता तोंडी नव्हता. पूर्वीच्या मध्य प्रांतात गावाच्या बंदोबस्ताच्या वेळी 'वाजिब-उल-अर्ज' लिहीत. कुणाच्या शेतातून कुणाला जाण्याचा हक्क, पाण्याचा हक्क, मासेमारीचा रिवाज, सगळे त्यात. 1951 मध्ये मालगुजारी गेली, 1956 मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, तरी 1966 च्या महसूल संहितेने निस्तार पत्रक कलम 161 मध्ये आणि वाजिब-उल-अर्ज कलम 165 मध्ये जपले. ही विदर्भाची खरी ठेव. सातबारा सगळ्यांना पाठ असतो. वाजिब-उल-अर्ज मात्र मी चाळीस वर्षे मास्तरकी करून निवृत्तीनंतर पहिल्यांदा पाहिला. लाजच वाटली.

आणि आता खरे सांगतो. पांदण जंगलात बुजली ती वापर थांबल्याने. एसटी आली, मोटारसायकली आल्या, बंडी गेली. गावाकडे मात्र ती आपणच खाल्ली. दर नांगरटीला धुरा वीतभर पुढे. शेजाऱ्यांनी सरकवला तसा आपल्या घरच्यांनीही सरकवला. हे वाचणाऱ्या पुतण्यांनी आणि भाच्यांनी राग मानू नये, मी स्वतः त्या वावराचे धान पन्नास वर्षे खाल्ले आहे. ज्या वाटेवरून दोन बंड्या शेजारून जायच्या, तिथे आज पावसाळ्यात एका माणसाला छत्री उघडून जाता येत नाही. पलीकडच्या दोन घरांना रोवणीच्या वेळी ट्रॅक्टर न्यायला दुसऱ्याच्या पाया पडावे लागते. ती घरे कोणाची, हे मी लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

सरकारने 2021 मध्ये पाणंद रस्त्यांसाठी 'मातोश्री' योजना काढली. रस्ता बांधायला पैसा मिळेल हो, पण जागा? ती तर आपल्या बांधीत आहे! आणि माझे मत असे की जंगलातला तुकडा मुरूम-खडी टाकून पक्का करूच नये. तिथे पायवाट आणि बंडीवाटच राहावी. ज्यांना मोहफुले, तेंदूपत्ता आणायचा आहे त्यांना अडवू नये, आणि रात्री ती जनावरांची असावी. गावातला तुकडा मात्र मोकळा व्हायलाच हवा.

तलाठ्याकडे नकाशाच्या नकलेचा अर्ज मागच्या सोमवारी दिला. यंदा धान निघाले की आपल्या हिश्श्याचा धुरा मागे घ्यायचा, असे मी ठरवले आहे. धाकट्याशी अजून बोललो नाही. तो हा ब्लॉग वाचतो, म्हणजे आता बोललोच म्हणायचे.

कुणाच्या घरी आजोबांच्या पेटीत गावचा जुना नकाशा असेल तर कृपया कळवा.