फोटो भारी आला, पण माशीचं नाव काय?

भावली धरणाकडे किंवा त्रिंगलवाडीला निघालेल्या ग्रुपमध्ये हल्ली एक तरी मॅक्रो लेन्सवाला असतोच. बाकीचे धबधब्यात आणि हा गवतात आडवा! पाऊस ओसरला की इगतपुरीच्या कुरणांवर त्याला रॉबर फ्लाय, म्हणजे दरोडेखोर माशी भेटू शकते. ही काडीवर दबा धरून बसते, उडता किडा हवेतच पकडते, त्याला सोंड खुपसून लाळ सोडते आणि आतलं सगळं पातळ झालं की शोषून घेते. वर चेहऱ्यावर राठ केसांची मिशी. फोटो भारीच येतो. खाली लगेच कमेंट पडते, ‘नवी प्रजाती?’

इथेच गोची आहे. पेपरात जिला नवी प्रजाती म्हणतात ती बहुतेकदा ‘जाती’ असते. प्रजाती म्हणजे जीनस, त्याच्या वरची पायरी. अख्खी प्रजाती नवी आहे म्हणायचं तर माशी आधीच्या कुठल्याच गटात बसत नाही, हे दाखवावं लागतं. या कुळात जगभरात सात हजारांहून जास्त जाती नोंदलेल्या आहेत. त्यामुळे पंखांच्या शिरा बघायच्या, केस मोजायचे, नराचे जननभाग वेगळे काढून मायक्रोस्कोपखाली त्यांची चित्रं काढायची. मग जुनी वर्णनं आणि मूळ नमुने ताडायचे, त्यातले कितीतरी युरोपातल्या म्युझियममध्ये. भारतातल्या या माश्यांवरचा जोसेफ आणि परुई यांचा ग्रंथ झूलॉजिकल सर्व्हेने 1998 मध्ये काढला, तोही भाग पहिला! एवढं करून आखलेली गटाची रेघ उद्या कुणी डीएनए तपासून पुसू शकतं. मला यातली खरी मजा हीच वाटते.

‘म्हणजे माशी मारायची?’ हो, एखादी मारावी लागते. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एका माशीचं वर्णन नुसत्या फोटोंवरून छापलं गेलं, तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये जोरदार भांडण झालं. मी टाचणीवाल्यांच्या बाजूने आहे. फोटोत लेन्सला दिसलं तेवढंच उरतं. टाचणीवरची माशी शंभर वर्षांनीही पुन्हा तपासता येते. रात्रीच्या एका प्रवासात गाडीच्या काचेवर याहून जास्त किडे मरतात, त्याचं कुणाला काही वाटत नाही. अर्थात उठसूट जाळी घेऊन जंगलात शिरायचं नाही, परवानगी लागते. आणि नवं काही सापडलं तर नमुना ठरलेल्या संस्थेत जमा करायचा, असं 2002 चा जैवविविधता कायदा सांगतो.

2021 मध्ये एका कोळ्याला शहीद तुकाराम ओंबळेंचं नाव मिळालं, ती बातमी आपण सगळ्यांनी शेअर केली. ते नाव द्यायला मागे किती काम लागतं, हे किती जणांनी विचारलं? टॅक्सॉनॉमी म्हणजे परीक्षेपुरती पाठ करायची यादी, असंच आपल्या डोक्यात बसलंय. इकडे जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा 76 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला, डोंगरातून बोगदे गेले. या माश्यांच्या कित्येक जातींच्या अळ्या मातीत राहतात, भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात. कुठल्या उतारावर कोण होतं याची नोंदच नसेल, तर काय गेलं ते सांगणार कोण?

पुण्यात आकुर्डीला झूलॉजिकल सर्व्हेचं केंद्र आहे. मायक्रोस्कोप तर आपल्या कॉलेजच्या लॅबमध्येही आहे, कुलूपबंद कपाटात. आधी चावी कुणाकडे आहे ते तरी विचारून या.