क्रूझ जहाजे किती, यापेक्षा कोणत्या श्रेणीची?

भावनगर येथील समारंभातून २० सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांनी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन केले. स्थळाची निवड योगायोगाची असेल. तथापि त्याच भावनगर जिल्ह्यात अलंग आहे, जिथे जगभरातील निवृत्त जहाजे भंगारात निघतात. आखाताच्या अलीकडच्या तीरावर सुरत आणि तिचे हजीरा बंदर आहे. क्रूझ पर्यटनाविषयीच्या आपल्या अपेक्षा आणि वास्तव यांची तुलना करण्यास खंभातच्या आखाताएवढी सोयीची जागा नाही. मुरगाव बंदरात क्रूझ जहाजांचे स्वागत करण्याची तयारी चालवणाऱ्या गोव्याने तर ती अवश्य करावी.

प्रथम हजीरा. ८ नोव्हेंबर २०२० रोजी येथून घोघ्यापर्यंत रो-पॅक्स फेरी सुरू झाली. रस्त्याने ३७० किलोमीटर भरणारे अंतर समुद्रमार्गे ९० किलोमीटरवर आले आणि दहा-बारा तासांचा प्रवास सुमारे चार तासांत होऊ लागला. या मार्गावरील ‘व्हॉयेज सिम्फनी’ तीन मजल्यांची असून ३० ट्रक, १०० मोटारी आणि ५०० प्रवासी वाहून नेण्याची तिची क्षमता सांगण्यात आली. सुरतेच्या हिरे आणि कापड व्यवसायात सौराष्ट्रातून आलेल्यांची संख्या मोठी आहे. गावाकडे जाण्यासाठी त्यांना हा मार्ग उपयोगाचा ठरला. ३१ मार्च २०२१ रोजी हजीरा ते दीव अशी क्रूझसेवाही सुरू करण्यात आली. त्या जहाजाची क्षमता ३०० प्रवाशांची होती आणि खोल्या अवघ्या १६. दोन्ही उपक्रमांना वृत्तपत्रांनी ‘जहाजसेवा’ हेच नाव दिले, परंतु एक दळणवळणाचे साधन आणि दुसरे करमणुकीचे. जहाज पाण्यावर तरंगते एवढ्याने सर्व जहाजे एका मापाने मोजता येत नाहीत.

नौकानयन व्यवसायात म्हणूनच ‘श्रेणी’ महत्त्वाची. एकाच आराखड्यावर बांधलेल्या भगिनी-जहाजांचा तो गट असतो. त्यावरून जहाजाचे आकारमान, इंजिन, सुरक्षेची पातळी आणि उरलेले आयुष्य यांचा बराचसा अंदाज येतो. जगातील सर्वांत मोठा क्रूझ समूह असलेल्या कार्निव्हलचा ताफा हे याचे उत्तम उदाहरण. १९८५ ते १९८७ या काळात आलेली ‘हॉलिडे’ श्रेणी सुमारे ४६ ते ४७ हजार ग्रॉस टनांची होती. (हे माप जहाजाच्या वजनाचे नव्हे, तर बंदिस्त आकारमानाचे असते.) १९९० पासून आलेल्या ‘फँटसी’ श्रेणीत आठ जहाजे आणि प्रत्येकी सुमारे ७० हजार टन. १९९६ च्या ‘डेस्टिनी’ने प्रवासी जहाजांमध्ये प्रथमच एक लाख टनांची मर्यादा ओलांडली. पुढे ‘कॉन्क्वेस्ट’, ‘ड्रीम’ आणि ‘व्हिस्टा’ या श्रेणी क्रमाने मोठ्या होत गेल्या. आजची ‘एक्सेल’ श्रेणी १ लाख ८० हजार टनांच्या पुढे असून तिची जहाजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालू शकतात. चार दशकांत आकारमान जवळजवळ चौपट झाले.

या वाढीचे दुसरे टोक अलंगला आहे. ‘हॉलिडे’ श्रेणीत तीनच जहाजे होती: ‘हॉलिडे’, ‘ज्युबिली’ आणि ‘सेलिब्रेशन’. कार्निव्हलच्या मुख्य ताफ्यातून बाहेर पडल्यावर ती स्पेन, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, चीन आणि बहामाच्या बाजारांत निरनिराळ्या नावांनी फिरली. ‘ज्युबिली’ २०१७ मध्ये ‘हेना’ या नावाने अलंगच्या किनाऱ्यावर चढवली गेली. महासाथीत क्रूझ व्यवसाय ठप्प झाल्यावर, २०२१ च्या आरंभी, उरलेली दोन्ही तेथेच पोहोचली. एका संपूर्ण श्रेणीचा शेवट एकाच किनाऱ्यावर झाला. दरम्यान कार्निव्हलने ‘सेलिब्रेशन’ आणि ‘ज्युबिली’ ही नावे आपल्या नव्या एक्सेल जहाजांना दिली. नावे अमेरिकेत पुन्हा प्रवासाला निघाली, पोलाद मात्र भावनगर जिल्ह्यात वितळले.

आपल्या किनाऱ्यावर प्रवासी घेऊन फिरलेल्या जहाजांकडे याच नजरेने पाहावे. २०१६ मध्ये मुंबईहून फेऱ्या सुरू करणारे ‘कोस्टा निओक्लासिका’ १९९१ चे, म्हणजे तेव्हा २५ वर्षांचे होते. एप्रिल २०१९ मध्ये गाजावाजात आलेले ‘कर्णिका’ १९९० चे, २९ वर्षांचे. ही दोन्ही कार्निव्हल समूहाच्याच ताफ्यांतून पुढे आलेली. २०२१ पासून मुंबई-गोवा मार्गावर परिचित झालेले कॉर्डेलियाचे ‘एम्प्रेस’, पूर्वाश्रमीचे रॉयल कॅरिबियनचे ‘नॉर्डिक एम्प्रेस’, हेही १९९० चेच. भारतात आले तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या भाडेकरारानुसार नॉर्वेजियन क्रूझ लाइनची ‘स्काय’ (१९९९) आणि ‘सन’ (२००१) ही दोन जहाजे २०२६ आणि २०२७ मध्ये कॉर्डेलियाकडे यावयाची ठरली. म्हणजे वये पुन्हा २७ आणि २६. पंचविशी उलटल्यावरच जहाज भारतीय बाजाराकडे वळते, हा अपवाद राहिलेला नाही.

‘कर्णिका’ची गोष्ट तर विसरू नये अशी आहे. आगमनानंतर अवघ्या दीड वर्षात कंपनी बंद पडली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते जहाज अलंगला गेले. ज्या महिन्यात सुरतेकरांची फेरी सुरू झाली, त्याच महिन्यात आखाताच्या पलीकडे देशातील सर्वाधिक गाजलेले क्रूझ जहाज मोडीत निघाले.

जुने जहाज म्हणजे वाईट जहाज, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. नव्या बाजारात शेकडो कोटी डॉलरचे जहाज कोणी उतरवणार नाही. भाडे परवडणारे ठेवायचे तर ज्याची किंमत वसूल झाली आहे असे जहाजच लागते. लहान श्रेणी आपल्या बंदरांच्या खोलीलाही मानवते. खोलीकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, हे घोघा-दहेज मार्गाने दाखवले आहे. २०१७ मध्ये सुरू झालेली ती सेवा दहेजच्या मार्गातील गाळामुळे दोन वर्षांतच थांबवावी लागली. आखातातील ज्या प्रचंड भरती-ओहोटीमुळे अलंगला जहाजे थेट वाळूवर चढवता येतात, तीच नियमित वाहतुकीची परीक्षा पाहते.

तरीही श्रेणीचा प्रश्न केवळ सुखसोयींचा नाही. १ जुलै २०१० नंतर बांधणीस प्रारंभ झालेल्या १२० मीटर वा अधिक लांबीच्या प्रवासी जहाजांना, ठरावीक मर्यादेपर्यंत आग लागली वा पाणी शिरले तरी स्वतःच्या बळावर बंदर गाठता आले पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याआधीच्या जहाजांना ही सक्ती नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये डेस्टिनी श्रेणीतील ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या इंजिनकक्षात आग लागली आणि चार हजारांहून अधिक माणसे मेक्सिकोच्या आखातात वीज व स्वच्छतागृहांविना चार दिवस अडकली. ते जहाज १९९९ चे होते. वर उल्लेखिलेली जहाजे या नियमाच्या आधीची आहेत. यावरून ती असुरक्षित ठरत नाहीत. परंतु तपासणी, ओढून नेणारी जहाजे आणि बचावयंत्रणा यांची जबाबदारी किनाऱ्यावरील शासनावर अधिक येते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ची घोषणा झाली तीही मुंबईत ‘एम्प्रेस’वरच. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे तिचे एक उद्दिष्ट आहे. संख्येचे उद्दिष्ट सोपे असते. टर्मिनल मात्र तीस-चाळीस वर्षांसाठी बांधले जाते आणि त्यावर लागणारे जहाज कदाचित पाच-दहा वर्षांचे सोबती असते. आजच्या ५० हजार टनी पाहुण्याच्या मापाने धक्का बांधला तर पुढची श्रेणी आत येणार नाही. एक्सेलचे स्वप्न पाहून बांधला तर तो रिकामा राहील.

म्हणून मुरगावात एखाद्या जहाजाच्या आगमनाची घोषणा होईल, तेव्हा प्रवासीसंख्येसोबत आणखी चार गोष्टी जाहीर व्हाव्यात: बांधणीचे वर्ष, श्रेणी, ते कोणत्या सुरक्षा नियमांखाली बांधले आहे आणि करार किती वर्षांचा आहे. बंदरात उभे असताना ते किनाऱ्यावरची वीज घेऊ शकते का आणि सांडपाणी व कचरा कोठे उतरवणार, याचे उत्तर परवान्यापूर्वीच घ्यावे. अलंगसाठी जहाज पुनर्वापराचा कायदा २०१९ मध्ये झाला आणि त्यासंबंधीचा हाँगकाँग करार जून २०२५ मध्ये अमलात आला. मोडीत निघणाऱ्या जहाजाची धोकादायक द्रव्यांची यादी मागण्याइतकी दक्षता आपण शिकलो आहोत. प्रवासी घेऊन येणाऱ्या जहाजाची जन्मकुंडली मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.