किनाऱ्यावरचा हक्क

दुपार कलली की मुंबईच्या तापलेल्या भूमीवरची हवा विरळ होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरून खारे वारे शहरात शिरतात. ज्यांच्या खोलीला समोरासमोर दोन खिडक्याही नाहीत, अशा लक्षावधी माणसांना मोकळा श्वास घ्यायचा तर चौपाटीखेरीज दुसरे स्थान नाही. दादरला ओहोटीच्या वेळी पाहावे. ओल्या, घट्ट वाळूवरून हातात चपला घेऊन सावकाश चालणारी वृद्धा, आणि कठड्यावर बसून, कोणाशी एक शब्द न बोलता, क्षितिजाकडे पाहणारा कामावरून सुटलेला तरुण, या दोघांनाही तेथे कोणा वैद्याने धाडलेले नसते.

वैद्यांनी मात्र पूर्वी रोगी धाडले आहेत. अठराव्या शतकाच्या मध्यास रिचर्ड रसेल या इंग्रज डॉक्टराने समुद्रस्नानाचा पुरस्कार करून ब्रायटनला नावारूपास आणले, आणि १७९१ साली मार्गेट येथे गंडमाळेने ग्रासलेल्या लंडनच्या गरिबांसाठी समुद्रस्नानाचे रुग्णालयच स्थापन झाले. समुद्राचे पाणी प्यावे हा रसेलचा सल्ला आज कोणी मानणार नाही. परंतु इंग्लंडच्या २००१ च्या जनगणनेच्या आधारे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, किनाऱ्यालगतच्या वस्त्यांत आपली प्रकृती चांगली असल्याचे सांगणारे लोक अधिक आढळले, आणि हा फरक गरीब वस्त्यांत विशेष ठळक होता. एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी ज्यांना थंड हवेच्या ठिकाणी जाणे परवडत नाही, त्यांनाच समुद्राचा लाभ अधिक व्हावा, ही गोष्ट राज्यकर्त्यांनी गांभीर्याने घेण्याजोगी आहे.

आपल्या सरकारी दप्तरात मात्र चौपाटी करमणुकीच्या सदरात पडते, आणि म्हणूनच पर्जन्यवाहिन्यांतून मैलामिश्रित पाणी वाळूवर येते तेव्हा ती कोणाला आरोग्याची हानी वाटत नाही, तर केवळ अस्वच्छतेची तक्रार वाटते. किनाऱ्याकडे जाणारी एखादी गल्ली कुंपणाने बंद झाली, तर तिची दखलही घेतली जात नाही. हे सर्वथैव अन्याय्य आहे.

किनाऱ्यांची स्वच्छता, स्त्रियांसाठी प्रसाधनगृहे, वृद्धांना वाळूपर्यंत नेणारी उतरण आणि खुल्या वाटा यांची तरतूद महानगरपालिकेने आरोग्याच्या खर्चात करावी, अशी लेखी मागणी किनाऱ्यावर जाणाऱ्या प्रत्येकाने येत्या अंदाजपत्रकापूर्वी आपल्या नगरसेवकाकडे गुदरावी.